पृथ्वीचं वय मोजायला निघाले आणि पेट्रोलमधल्या शिशाच्या मागे लागले

२००० सालच्या आसपास ज्यांच्याकडे गाडी होती त्यांना आठवत असेल, पेट्रोल पंपावर 'अनलेडेड' असा शब्द ठळक लिहिलेला असायचा. बऱ्याच जणांना वाटायचं की ही पेट्रोलची काहीतरी नवी, भारी जात आहे. अर्थ एवढाच होता की या पेट्रोलमध्ये शिसं घातलेलं नाही. १ फेब्रुवारी २००० पासून आपल्या देशात शिसं घातलेलं पेट्रोल बंद झालं. त्याआधी आपण सगळे, दारात गाडी असो वा नसो, धुरातून थोडंथोडं शिसं आत घेत होतो.

हे पेट्रोल जगभर बंद व्हायला अनेक डॉक्टर, अधिकारी आणि कार्यकर्ते झटले. पण त्यातला एक माणूस डॉक्टरही नव्हता आणि पुढारीही नव्हता. तो दगडांतलं शिसं मोजायचा. त्याला पृथ्वीचं वय काढायचं होतं, आणि ते काढताना प्रयोगशाळेतली घाण आडवी आली. त्या घाणीचा माग काढत तो थेट पेट्रोलच्या टाकीपर्यंत पोचला. त्याचं नाव क्लेअर कॅमरॉन पॅटरसन.

पॅटरसन यांचा जन्म २ जून १९२२ चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या मिचेलव्हिल या छोट्या गावातला. आयोवा म्हणजे मक्याचा मुलूख, शेतीवर चालणारा. वडील टपाल खात्यात होते. आईने लहानपणी रसायनांच्या प्रयोगांचा एक खेळसंच आणून दिला, तिथून हे वेड लागलं. पुढे रसायनशास्त्र शिकले, आणि दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या प्रकल्पावर कामाला लागले. तिथे त्यांच्या हाताखाली एक यंत्र आलं, मास स्पेक्ट्रोमीटर. हे यंत्र एकाच धातूचे हलके आणि जड अणू वेगळे करून मोजतं. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी या यंत्रावरच काढलं.

आधी शिशाचं गणित समजून घेऊ

एकाच आईची चार मुलं, तोंडवळा सारखा, पण वजन प्रत्येकाचं वेगळं. शिशाचं तसंच आहे. निसर्गातल्या शिशात चार वजनांचे अणू असतात, २०४, २०६, २०७ आणि २०८. यांना समस्थानिक म्हणतात, इंग्रजीत आयसोटोप. रासायनिक वागणं चौघांचं सारखंच.

यातलं २०४ नंबरचं शिसं पृथ्वी झाली तेव्हा जेवढं होतं तेवढंच आज आहे. बाकीचे तिघे मात्र वाढत राहतात. युरेनियम हळूहळू मोडत जातं आणि शेवटी त्याचं शिसं होतं. एका जातीच्या युरेनियमपासून २०६ नंबरचं शिसं बनतं, दुसऱ्या जातीपासून २०७. थोरियमपासून २०८. आणि हा मोडायचा वेग ठरलेला असतो, तो उन्हाने वाढत नाही की थंडीने कमी होत नाही. पहिल्या जातीचं युरेनियम निम्मं व्हायला ४४७ कोटी वर्षं लागतात, दुसऱ्या जातीला ७० कोटी वर्षं.

हे पतसंस्थेच्या पासबुकासारखं समजा. व्याजाचा दर माहीत आहे, आजची शिल्लक माहीत आहे. मग खातं कधी उघडलं ते काढता येईल का? येईल, पण एक आकडा हवा: सुरुवातीला किती रक्कम भरली होती. पासबुकाचं पहिलं पानच फाटलेलं असेल तर हिशेब अडतो. पृथ्वीचं पहिलं पान असंच फाटलेलं आहे. इथले दगड वितळले, परत थिजले, झिजले, गाडले गेले. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण आपल्याला फार जुना वाटतो, पण तोही साधारण ६.६ कोटी वर्षांचाच आहे. पृथ्वीच्या मानाने कालपरवाचा म्हणायचा.

पहिलं पान सापडलं ते आभाळातून पडलेल्या लोखंडात. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात साधारण ५० हजार वर्षांपूर्वी एक मोठी अशनी कोसळली आणि सव्वा किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर ज्यांनी पाहिलंय त्यांना असा खड्डा कसा दिसतो ते सांगायला नको. त्या अशनीच्या तुकड्यांना कॅन्यन डायब्लो म्हणतात. अशनी आणि पृथ्वी एकाच काळात, एकाच मालातून तयार झाल्या. या तुकड्यांमध्ये लोह आणि गंधक यांचं एक खनिज सापडतं, त्यात युरेनियम जवळपास नसतंच. युरेनियम नाही म्हणजे व्याज नाही. म्हणजे त्यातलं शिसं आजही सुरुवातीला होतं तसंच राहिलेलं. तीच पहिली शिल्लक.

हे सगळं युद्धानंतर शिकागो विद्यापीठात हॅरिसन ब्राउन या प्राध्यापकांच्या डोक्यात होतं. त्यांनी पीएचडीचे दोन विद्यार्थी कामाला लावले. जॉर्ज टिल्टन यांनी झिरकॉन नावाच्या बारीक खड्यातलं युरेनियम मोजायचं आणि पॅटरसन यांनी शिसं. काम सोपं आहे, असं ब्राउन यांनी सांगितलं होतं.

आकडा जुळेना

टिल्टन यांचे आकडे जुळले. पॅटरसन यांचे जुळेनात. ज्या खड्याचं वय आधीच माहीत होतं त्यातही शिसं भलतंच जास्त यायचं, आणि दर वेळी वेगळं. एखाद्याने यंत्रालाच दोष दिला असता, किंवा सरासरी काढून मोकळा झाला असता. पॅटरसन यांनी काचेची भांडी तपासली, त्यात शिसं. आम्लात शिसं. नळाच्या पाण्यात शिसं. टेबलावरच्या धुळीत, भिंतीच्या रंगात, हवेत शिसं. एवढंच काय, माणसाच्या केसांतून आणि कपड्यांवरूनही नमुन्यात शिसं पडत होतं. खड्यातलं शिसं इतकं कमी, की बाहेरचा एक कणही हिशेब बिघडवायला पुरेसा होता.

मग सुरू झाली झाडलोट. फरशी पुसणं, भांडी आम्लात उकळणं, आम्ल स्वतः पुन्हा शुद्ध करून घेणं, सगळं प्लास्टिकमध्ये झाकून ठेवणं. १९५२ साली ते कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेत आले आणि तिथे त्यांनी वेगळी खोलीच उभी केली. गाळलेली हवा आत दाबाने सोडायची, म्हणजे दार उघडलं तरी हवा बाहेर जाईल, धूळ आत येणार नाही. आज मोबाईलची चिप ज्या 'क्लीन रूम'मध्ये बनते, त्याच विचाराची ही खोली. जगातल्या अगदी पहिल्या अशा प्रयोगशाळांत तिची गणना होते. सोबत काम करणाऱ्यांना हे खूळ वाटायचं. पण मापात माप लागायचं असेल तर पर्याय नव्हता.

१९५३ साली कॅन्यन डायब्लोचा नमुना तयार झाला. शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेतल्या यंत्रावर तो मोजला आणि उत्तर आलं, साधारण ४५० कोटी वर्षं. त्याआधी पृथ्वीचं वय ३३० कोटींच्या आसपास धरत होते. पॅटरसन तिथून थेट आयोवाला आईवडिलांकडे गेले. आनंदाने छाती इतकी धडधडायला लागली, की हार्ट ॲटॅकच आला असं वाटून आईला म्हणाले, मला दवाखान्यात ने.

लेख छापायला मात्र त्यांनी आणखी तीन वर्षं घेतली. १९५६ साली तीन दगडी आणि दोन लोखंडी अशनींचे आकडे एकत्र मांडले, ते सगळे एका सरळ रेषेत आले. समुद्राच्या तळातल्या गाळाचं शिसंही त्याच रेषेवर बसलं. म्हणजे पृथ्वी आणि अशनी एकाच वयाच्या. वय ४५५ कोटी वर्षं, फार तर सात कोटी इकडे किंवा तिकडे. आज सत्तर वर्षांनी, कितीतरी चांगली यंत्रं येऊनही, पाठ्यपुस्तकांत साधारण तोच आकडा आहे.

दुसरा कोणी असता तर या एका आकड्यावर जन्मभर भाषणं करत फिरला असता. पॅटरसन यांच्या डोक्यातून मात्र ती घाण जात नव्हती. एवढं शिसं सगळीकडे येतंय कुठून?

सगळ्यांच्या अंगात आहे म्हणून ते नैसर्गिक का?

१९२१ साली थॉमस मिजली या अमेरिकी इंजिनियरने शोधलं होतं की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचं रसायन जरासं टाकलं, की इंजिन ठोकत नाही. ज्यांनी जुन्या गाड्या चढावर चालवल्यात त्यांना तो टक-टक आवाज माहीत असेल. कंपन्यांनी ते 'एथिल' या नावाने विकलं, शिशाचं नावच नाही. १९२४ साली न्यू जर्सीतल्या कारखान्यात हे रसायन बनवणारे कामगार भ्रमिष्ट झाले, पाच जण मेले. पेपरात बातम्या आल्या, थोडे दिवस विक्री थांबली, आणि नंतर पुन्हा सुरू झाली.

शिसं विषारी आहे हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. पण एथिल कंपनीचे वैद्यकीय सल्लागार रॉबर्ट किहो हेच त्या विषयातले सगळ्यात मोठे तज्ज्ञ मानले जायचे, आणि त्यांचं म्हणणं असं: शिसं निसर्गातच आहे, प्रत्येक माणसाच्या अंगात थोडं असतंच, एका मर्यादेपर्यंत शरीर ते सांभाळून घेतं. ऐकायला पटण्यासारखंच आहे. सगळ्यांची तपासणी केली, सगळ्यांत सापडलं, म्हणजे ते असायचंच.

पॅटरसन यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. सगळ्या गावाला एकाच विहिरीचं पाणी बाधलं, तर सगळ्यांचं पोट दुखतं म्हणून पोटदुखी नैसर्गिक होत नाही. आधी काय होतं ते मोजायला हवं. आणि ते मोजायची हातोटी तेव्हा जवळपास त्यांच्या एकट्याकडेच होती, कारण बाकीच्या प्रयोगशाळा स्वतःचीच धूळ मोजत बसल्या होत्या.

आधी समुद्र. खोल पाणी जुनं असतं, वरचं नवं. वरच्या पाण्यात शिसं कितीतरी पट जास्त निघालं. म्हणजे ते नुकतंच, हवेतून येऊन पडलेलं. हे छापून आलं १९६३ मध्ये, आणि तेल उद्योगाच्या संघटनेकडून त्यांच्या संशोधनाला मिळणारा पैसा थांबला. १९६५ साली त्यांनी डॉक्टरांच्या नियतकालिकात लिहिलं की अमेरिकी माणसाच्या अंगात नैसर्गिक प्रमाणाच्या शंभर पट शिसं असावं. दगडवाल्याने डॉक्टरांना शिकवावं, हे अनेकांना झोंबलं. १९६६ साली अमेरिकेच्या सिनेटसमोर सुनावणी झाली, तिथे किहो यांनी आपली बाजू मांडली आणि पॅटरसन यांनी आपली.

मग बर्फ. ग्रीनलंडमध्ये दर वर्षीचा बर्फ आदल्या वर्षीच्या बर्फावर बसतो आणि तसाच राहतो, रद्दीच्या गठ्ठ्यासारखा, सगळ्यात जुना पेपर तळाला. पॅटरसन आणि त्यांचे सहकारी तिथे बोगद्यात उतरले, आम्लाने धुतलेले हातमोजे आणि प्लास्टिकचे कपडे घालून बर्फाच्या लाद्या कापल्या. १९६९ साली निकाल आला. इसवी सनापूर्वी ८०० च्या सुमाराला होतं त्याच्या जवळपास दोनशे पट शिसं १९६० च्या दशकातल्या बर्फात होतं. आणि सगळ्यात उभी चढण होती १९४० नंतरची, म्हणजे मोटारी वाढल्या तेव्हाची. जिथे एक मोटार नाही, एक कारखाना नाही, तिथेही शिसं वाऱ्याने जाऊन पडलं होतं.

इतकं असूनही १९७१ साली अमेरिकेत हवेतल्या शिशावर तज्ज्ञांची समिती नेमली, तेव्हा त्यात पॅटरसन यांना घेतलं नाही. या विषयात ज्याची मापं सगळ्यात खात्रीची, तोच बाहेर. आपल्याकडे असं काही होत नाही असं म्हणायचं कारण नाही, पण अमेरिकेतही होतं हे कळलेलं बरं.

ते थांबले नाहीत. पेरूमधल्या १६०० वर्षांपूर्वीच्या माणसांची हाडं तपासली, त्यांच्यापेक्षा आजच्या माणसाच्या हाडांत शिसं शेकडो पट जास्त. १९८० साली डोरोथी सेटल यांच्यासोबत टूना मासा तपासला. तेव्हा पत्र्याच्या डब्यांना शिशाची झाळ लावत. त्या डब्यातल्या माशात ताज्या माशाच्या हजारो पट शिसं निघालं. सरकारी प्रयोगशाळांना हा फरक दिसलाच नव्हता, कारण त्यांचा 'ताजा मासा' मोजतानाच खराब होत होता.

अमेरिकेत १९७० च्या दशकापासून पेट्रोलमधलं शिसं टप्प्याटप्प्याने कमी केलं, आणि १ जानेवारी १९९६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते पूर्ण बंद झालं. पॅटरसन यांनी तो दिवस पाहिला नाही, ५ डिसेंबर १९९५ ला ते गेले. पण १९७६ ते १९९१ या काळात अमेरिकी लोकांच्या रक्तातलं सरासरी शिसं ७८ टक्क्यांनी उतरलं, हे त्यांच्या हयातीतच दिसलं होतं. किहो यांचं म्हणणं खरं असतं तर ते उतरायलाच नको होतं. जगात शेवटी हे पेट्रोल बंद केलं अल्जीरियाने, २०२१ साली.

मग आता आपल्याला काय त्याचं?

पेट्रोल गेलं, पण शिसं गेलेलं नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालाचा अंदाज असा, की जगात तीनातल्या एका मुलाच्या रक्तात काळजी करण्याइतकं शिसं आहे, आणि त्यात २७ कोटींहून जास्त मुलं भारतातली. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवून ठेवतं. मोठ्या माणसाच्या अंगात जेवढं शिरतं त्याच्या चार-पाच पट लहान मुलाच्या अंगात शिरतं. ताप येत नाही, पुरळ उठत नाही. पोराचं शाळेत लक्ष लागत नाही, रक्त कमी भरतं, आणि आपण म्हणतो हे पोरगंच मठ्ठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रक्तात इतकं शिसं चालेल, अशी सुरक्षित पातळीच माहीत नाही.

इथे पॅटरसन यांचंच तंत्र पुन्हा कामाला येतं. प्रत्येक खाणीतल्या शिशात त्या चार भावंडांचं प्रमाण वेगळं असतं. तो त्या शिशाचा सातबाराच म्हणा, कुठल्या गटातलं आहे ते कळतं. बांगलादेशात ग्रामीण भागातल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं. आसपास ना मोठा कारखाना, ना रहदारी. संशोधकांनी रक्तातल्या शिशाचा हा सातबारा काढला आणि माती, औषधं, धान्य, मसाले यांच्याशी ताडून पाहिला. जुळला तो हळदीशी.

हळकुंडं पॉलिश करताना पिवळीधमक दिसावीत म्हणून लेड क्रोमेट हा रंग चोळला जात होता. १९८० च्या दशकात पुराने हळद भिजून काळपट पडली, तेव्हापासूनची ही सवय. २०१९ मध्ये हे जाहीर झाल्यावर तिथल्या सरकारने बाजारात जागेवर तपासण्या केल्या, दंड केले, पेपरात इशारे दिले. तेव्हा बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडत होतं. २०२१ पर्यंत ते शून्यावर आलं. दोन वर्षांत, तेही फारसा खर्च न करता. आपल्याकडे सांगली, हिंगोली, नांदेड या भागांतल्या हळद उत्पादकांनी हे मुद्दाम वाचावं, कारण भेसळ करतो दुसराच आणि नाव जातं हळदीचं. २०२४ साली छापलेल्या एका अभ्यासात पाटणा, कराची, पेशावर इथल्या पॉलिश केलेल्या हळदीच्या काही नमुन्यांत शिसं फार जास्त निघालं होतं.

घरातलं सांगायचं तर, शिसपेन्सिलीला घाबरू नका. नाव शिशाचं असलं तरी आत ग्राफाइट असतं, शिसं अजिबात नाही. शेंदूर मात्र पारंपरिक असेल तर तो शिशाचाच ऑक्साइड असतो. मारुतीला जरूर लावा, पण हात धुतल्याशिवाय जेवू नका आणि मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका. पितळी भांड्यांना कल्हई करून घेताना शुद्ध कथील वापरतोय ना, ते विचारा, स्वस्तात मिसळलेलं शिसं थेट आमटीत उतरतं. घराच्या जुन्या रंगाचे पापुद्रे निघत असतील तर ते कोरडे खरवडू नका, ओले करून काढा. रंगात शिशाची ९० पीपीएम ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली आहे, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. हळद घरी दळणार असाल तर हळकुंड पाण्यात टाकून पाहा, पाणी भडक पिवळं झालं तर शंका घ्या. अर्थात ही पक्की चाचणी नाही, पक्कं फक्त प्रयोगशाळेत कळतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं बॅटरीचं. ट्रॅक्टरची, इन्व्हर्टरची जुनी बॅटरी म्हणजे मुख्यतः शिसंच. ती अंगणात फोडून, चुलीवर वितळवून जाळ्याला लावायचे गोळे करणं, किंवा भंगारवाल्याला घरामागे फोडू देणं, यात त्या अंगणातली माती कायमची नासते. तिथेच पोरं खेळतात, कोंबड्या टोचतात. नवी बॅटरी घेताना जुनी अखंड दुकानदाराला परत द्या, तिचे पैसे बिलातून कमी करून मिळतात. असं काम घराजवळ आधी झालं असेल आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, तर जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा आणि रक्तातल्या शिशाच्या तपासणीबद्दल विचारा. साध्या रक्त तपासणीत ते दिसत नाही, त्याची तपासणी वेगळी मागावी लागते.